वहीवाल्या ताई

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खोलीला बाहेरून कडी मी बसवली होती. त्यांना वेड लागलंय असं घरात पहिल्यांदा मीच म्हणालो. हे आधी सांगतो, कारण हे दोन्ही मीच केलं, ते वहीवाल्या ताईंसमोर माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

एका संस्थेच्या वतीनं म्हाताऱ्या माणसांना काय हवं-नको ते विचारून वहीत लिहीत ताई आमच्या लिंबायत वस्तीच्या गल्ल्यांतून फिरायच्या. ताईंचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. म्हाताऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुलानं दिलं, की त्या पेनाला टोपण लावायच्या.

माझाही त्यांच्यावर नव्हता. कागदावर अंगठा घेऊन खोली लाटणारी माणसं मी पाहिली होती. म्हणून मी रिक्षा बंद ठेवून त्यांच्यासमोर ठाण मांडून बसलो.

"आजोबांना ऐकू येतं?"

"येतं की. आयुष्यभर आलं. डोकं तेवढं फिरलंय."

टोपण लागलं. "भाऊ, वहीत नाव तुमचं घालू का त्यांचं?"

मग त्यांची नजर दारावर गेली. "कडी बाहेरून कशाला?"

"निघून जातात. रस्त्यावर गाड्या किती!"

"हं," एवढंच म्हणाल्या. त्या 'हं'चा मला राग आला.

आबांचा संशय तर आम्हा दोघांपेक्षा मोठा. "जेवलात का?" विचारलं तर "सात वाजले" म्हणायचे. घरातली दोघं बोलताना दिसली की ओरडायचे, "काय खुसुरफुसुर करी राहिनात रे? माले सांगत का नही?" सून जेवणात काहीतरी घालते, असंही त्यांनी शेजारी सांगितलं होतं. मी त्यांना गावी भावाकडे पाठवायच्या बेतात होतो.

ताई आबांच्या मागे उभ्या राहिल्या आणि हाक मारली. आबा हलले नाहीत. दुसरी हाक इतकी मोठी, की शेजारीण डोकावली. आबा भिंतीकडेच बघत होते. मग ताईंनी त्यांना उंबऱ्याशी, उन्हात आणून बसवलं, तोंड वीतभर अंतरावर नेलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले.

आबा हसले. किती महिन्यांनी! "अर्धाच. साखर कमी."

चहा विचारला होता त्यांनी.

"कापडाच्या लूमवर किती वर्षं होते?" ताईंनी मला विचारलं.

"तीस-पस्तीस."

"कान तिथल्या खडखडाटातच गेलेत, भाऊ. तिथं सगळे ओठांवरच बोलतात. घरीही ते तुमची तोंडं वाचत होते. आता मोतीबिंदू झालाय. तोंडं दिसत नाहीत, म्हणून तुम्हाला वेड दिसलं."

त्यांनी वही उघडली आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले, आबांना, ओठांनी. तास गेला. मला एकही विचारला नाही.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्या शेवटच्या आल्या. त्यांना आता बारडोलीकडच्या गावांचं काम मिळालं होतं. "कडी काढली," मी म्हणालो. त्यांनी तरी उठून दारावरून बोट फिरवलं, स्क्रूची भोकं चाचपली.

"ताई, तुमच्यावर संशय घेतला. माफ करा."

"मला काय सांगता?" त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि गेल्या. पुन्हा भेट नाही. अजूनही आबांच्या वतीनं मी उत्तर द्यायला लागलो, की ते टोपण आठवतं.

ताई गेल्या त्या दुपारीच मी आबांना उंबऱ्याशी बसवलं. समोर बसलो, तोंड उजेडात धरलं आणि आवाज न काढता माफी मागितली, "आबा, मनी चूक व्हयनी."

आबा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं.