पहिलं 'नको'

धाकटा भाऊ वर्षभर सांगत होता, "ताई, तुला एकदा जपानी हॉटेलात नेतो." शेवटी एका रविवारी मार्गासनीहून गाडीत बसवून त्यानं मला पुण्याला नेलं. मी मुद्दाम सकाळपासून नुसत्या चहावर राहिले होते.

बशीत दोन काड्या आल्या. एकेका काडीला कोंबडीचे चार तुकडे टोचून निखाऱ्यावर भाजलेले, वरून गोडसर चिकट पाक. कोंबडी आणि गोड! तरी भुकेपोटी दोन्ही काड्या संपवल्या.

"अजून मागवू?" भावानं विचारलं.

"नगं रं, लई झालं," मी म्हणाले.

आमच्याकडं पहिलं 'नको' कुणी धरतच नाही. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो आणि वाढणारी तो बाजूला सारून वाढते. हाच भाऊ माझ्याकडं तीनदा 'बास' म्हणतो आणि मग चौथी भाकरी खातो.

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं बशी उचलायला सांगितली.

परक्यानं असं केलं असतं तर मी विसरूनही गेले असते. माझ्या हातचं खाऊन वाढलेल्यानं केलं. घरी येऊन मी शिळी भाकरी ठेच्याशी खाल्ली.

पंधरा दिवसांनी तो जेवायला आला. मी गावरान कोंबडा शिजवला होता. त्याची पहिली भाकरी संपली, तसा मी रश्श्याचा डाव उचलला.

"बास गं ताई," तो म्हणाला.

मी डाव पातेल्यात सोडला आणि वर झाकण ठेवलं. त्याचा हात ताटावर आडवा तसाच राहिला.