पाट घेतला की करार झाला

पेणच्या कोर्टामागे माझं वकिलीचं ऑफिस आणि मधल्या दारापलीकडे घर. अशील जातात, किस्से मात्र त्या दारातून आत शिरून मुक्कामालाच राहतात! माझी बायको सुमन शाळेतून आली की दाराशी उभी राहून ऐकायची आणि कोर्टाआधी निकालही द्यायची.

*

डोलवीचा एक जण तावातावाने आला. "मित्रानं शिफ्ट सुटल्यावर वालाच्या शेंगांची पोपटी खायला बोलवलं. गेलो, तर मडकंच लावलं नव्हतं. नोटीस काढा!"

मी समजावलं, "जेवायला बोलावणं म्हणजे करार नव्हे. त्यात कोर्टात जायचा इरादा कुणाचाच नसतो."

"माझा हाय ना!"

सुमन दारातून म्हणाली, "भाऊ, खटला राहू दे, पोहे खा!"

दोन बशा खाल्ल्या आणि तडजोड झाली.

*

रोह्याच्या ताराबाईंना भावानं खोलीत कोंडलं. "हक्कसोडीवर सही केल्याबिगर दार उघडणार नाय!"

बाईंनी सही केली, पण जबरदस्तीची संमती ही संमतीच नव्हे. कोर्टानं कागद रद्द केला. जमिनीतला वाटा शाबूत राहिला. कोर्टाबाहेर येऊन बाई भावाला म्हणाल्या, "माझं दार उघडं हाय रे. जेवायला ये!"

*

आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा. मूर्तिकार अनंतकाकांच्या एका गिऱ्हाइकानं पाट दिला, किंमत ठरवली आणि मूर्ती रंगल्यावर म्हणाला, "नको. माझी सही कुठाय?"

काकांनी पाट आणून माझ्या टेबलावर उलटा ठेवला. मागे ऑइल पेंटमध्ये गिऱ्हाइकाचं आडनाव! "सही नाय, पण ह्ये हाय!"

"तुम्ही पाट दिलात, यांनी घेतला. तोंडी करारही पक्काच," मी गिऱ्हाइकाला बोलावून सांगितलं. गिऱ्हाईक मुकाट्यानं मूर्ती घेऊन गेलं.

सुमननं विचारलं, "म्हणजे पाट घेतला की करार झाला?"

"झाला."

"नक्की?"

"नक्की!"

*

आजार थंडीतच कळला होता; या उन्हाळ्यात सुमन गेली. यंदा गणपती आणायचा नाही, असं मी ठरवलं. पाट दिलाच नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी अनंतकाका ऑफिसात हजर. "वकीलसाहेब, गणपती कधी नेताय?"

"काका, मी पाट दिलेला नाही."

"वहिनींनी दिलाय. शिमग्याच्या आधीच."

मी म्हणालो, "स्वीकारण्याआधी देणारं माणूस गेलं की प्रस्ताव संपतो, काका. कायदा आहे."

काका हसले. "वहिनी बोलल्या व्हत्या, वकील ह्येच बोलतील. पण पाट मी त्यांच्यासमोरच घेतला. मग करार तवाच झाला ना?"

मी टोपी शोधली, चपला घातल्या. वाटेत एवढंच विचारलं, "मूर्ती कशी सांगितली होती?"

"नेहमीसारखीच. फकस्त म्हणाल्या, उंदीर यंदा हसरा करा. वकील केस हरणार हायत!"