राजय्याची चादर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. हसू नका! कुर्डुवाडीत कुणालाही विचारा, या गृहस्थाच्या पोटात काही राहत नाही असंच सांगतील. बारसं असो, लग्न असो, फलाटावर उशिरा येणारी गाडी असो — चार माणसं जमली की मी सुरू. आवाज बदलतो, डोळे फिरवतो, मेलेल्या माणसाला उठवून बोलायला लावतो. आणि तरी ही एक गोष्ट अठरा वर्षं — बायकोलासुद्धा नाही. दर थंडीत ती विचारते, "ही चादर कुठली हो?" मी म्हणतो, "सोलापूरची." खोटं आहे का हे? नाही. म्हणूनच ते अठरा वर्षं टिकलं.

खरं तर आज मी आभार मानायला बसलोय. पण कशाबद्दल, ते सांगितल्याशिवाय आभार मानता येतात का?

मी तेव्हा बाविशीतला. सोलापुरात एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे पत्रांच्या नकला करायचो. एका वाचनालयाच्या माडीवर रविवारी सकाळी मराठी वाङ्मयाचा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, एकेकानं उठून नाव-गाव सांगा. पहिला पुण्याचा निघाला — आणि त्यानं 'पुणे' असं काही उच्चारलं की बाकीचे आपोआप ताठ बसले. दुसरा अकलूजकडचा. "मला वाचायचा लई नाद हाय," म्हणाला बिचारा, आणि सगळी माडी हसली. मग माझी पाळी. आता काय, कुर्डुवाडी म्हणायचं? रेल्वेच्या वर्कशॉपातल्या खलाशाचा, हरकाम्या मजुराचा मुलगा म्हणायचं? समोरच्या खिडकीतून पलीकडच्या दुकानाची पाटी दिसत होती — 'रंगूनचा तांदूळ'.

"मी रंगूनचा," मी म्हणालो.

काय सांगू तुम्हाला! मास्तर खुर्चीतून उठले. "समुद्र ओलांडून मराठीसाठी आलात?" मी मान लववली — जराशी उशिरा, नाटकात लववतात तशी. तिकडच्या भाषेतलं काही बोलून दाखवा, म्हणाले. मी कुर्डुवाडी उलटी केली. "डीवाडुर्कु!" म्हणजे काय? म्हणजे नमस्कार. मास्तरांनी ते वहीत उतरवून घेतलं. पुणेकरानंसुद्धा!

इथंच थांबलं असतं तर आज ही माझी सगळ्यात रंगणारी गोष्ट झाली असती.

वर्ग सुटल्यावर जिन्यात एकानं माझी बाही धरली. नरसय्या — विणकराघरचा, घरी तेलुगू बोलणारा, वर्गात सगळ्यात मागं बसलेला. "आमचा थोरला भाऊ तितंच हाय की," म्हणाला. "राजय्या. सात वर्सं झाली, कागद न्हाय. आमच्या अम्माला एकदा भेटता का?"

रंगून केवढं मोठं, मी कुठून ओळखणार — एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण मी गेलो. दोन खड्डामाग असलेली ती लहानशी खोली, आणि दारात उभी असलेली त्याची आई. तिनं विचारलं, "माझं राजय्या पायलं का तू?" तिचा चेहरा असा झाला होता, की — नाही, चेहऱ्याचं निमित्त सांगून मी सुटणार नाही. मला गोष्ट सांगायची होती. ऐकणारं माणूस इतकं आतुर मला कधी मिळालं नव्हतं. "पाहिलं," मी म्हणालो.

मग काय, दर रविवारी तिथंच जेवण. तिच्या प्रश्नातच उत्तर असायचं. अजून डाव्या हातानं खातो का? खातो. राग तसाच आहे का? कमी झालाय. मग कागद का टाकत नाही? — "लाजतो, अम्मा." ती रडली, हसली, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. ती दोघं मायलेकरं भाकरी खायची. मला भात, कारण रंगूनच्या माणसाला भात लागतो ना! आंबाडीची भाजी, चिंचेचं सार, आणि वर तिचा हात माझ्या पाठीवर. माझी आई मी लहान असतानाच गेली. तसं मला कुणी जेवू घातलं नव्हतं. आजही आंबाडीचा वास आला की माझे हात जुळतात.

वर्षानं माझी कुर्डुवाडीत नोकरी ठरली. जायचं, तर कुठं? रंगूनलाच जायला हवं. दोघं स्टेशनवर आली. अम्मानं पिशवीतून चादर काढली — तिनं स्वतः विणलेली, लाल काठाची. "राजय्याला दे. सांग, इंटिकि रा. घरी ये म्हणावं."

मी ती घेतली. ऐकलंत ना? दोन्ही हात पुढं करून घेतली.

आणि रंगूनची बोट मद्रासहून सुटते, म्हणून मद्रासच्या गाडीत बसलो! तिकीट मात्र पुढच्याच होटगीपर्यंतचं. तिथं उतरलो, दुपारी कुर्डुवाडीकडे परतणाऱ्या गाडीत चढलो. सोलापूर आलं तेव्हा कुणी ओळखू नये म्हणून खिडकीशी डोक्यावरून चादर ओढून बसलो. तीच चादर. आणि गजांच्या बाहेरून आवाज आला — तेलुगूत, पण वर्षभरात मला तेवढं कळायला लागलं होतं.

"अम्मा, चल की आता. गाडी जाऊन तीन तास झाले."

"असू दे रे. चादर निघाली त्याच्याकडं. जरा बसते."

हात बाहेर काढला असता तर तिच्या खांद्याला लागला असता. मी हात आत घेतला. गाडी हलली.

त्यानंतर मी सोलापुरात उतरलेलो नाही. राजय्या आला की नाही, मला माहीत नाही. घर माहीत आहे, आळी माहीत आहे, आणि इथून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचता येतं, हेही माहीत आहे.

काठ अजून लाल आहे. वीण कुठंही विरलेली नाही. थंडी पडली की मी ती अंगावर घेतो, आणि ऊब येते.