पान उलटलंच नाही

माझी आत्या चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसली आणि एकसष्टाव्या वर्षी तिथून उठून थेट कंप्युटरपुढे बसली. मधे विश्रांती वगैरे भानगड नाही. शाळांचे गणवेश, साहेबलोकांच्या पँटी, आम्हा भाच्यांचे फाटके खिसे, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. तोंडाने फटकळ. माप देताना पोट आत ओढणाऱ्याला ती सरळ सांगायची, "सोड ते. घालून फिरताना काय श्वास धरून ठेवणार आहेस?"

कंप्युटरचं खूळ शिरलं ते नातीमुळे. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, नात जन्मायच्या आधीच गेले. घरात पहिला व्हिडिओ कॅमेरा त्यांनी आणला आणि वीस वर्षं कुणाच्या हाती लागू दिला नाही. त्यामुळे त्या कॅसेटींत सगळं घर आहे, फक्त ते नाहीत. असं निदान मी समजत होतो. कॅसेटींना बुरशी लागली होती. दुकानदाराने त्या एकदाच कशाबशा चालवून फाइली करून दिल्या, तेवढ्यात फिती तुटल्याच.

"पोरीला आजोबा हलताबोलताना दाखवायचेत," आत्या म्हणाली.

"पण ते आहेतच कुठे? ते तर कायम कॅमेऱ्यामागे!"

"तू मला कापायचं कसं नि जोडायचं कसं तेवढं शिकव. बाकीचं माझं मी बघते."

मी शिकवलं. वर शहाणपणा म्हणून एका दृश्यातून दुसऱ्यात जातानाच्या करामतीही दाखवल्या. पान उलटतं, बदाम उघडतो, चांदण्या सांडतात. माकडाच्या हाती कोलीत दिलं, असं मी घरी येऊन बायकोला म्हणालो. आज ते वाक्य लिहितानासुद्धा लाज वाटते.

तीन महिने आत्या नाकावर चष्मा सरकवून त्यात बुडाली होती. बत्तीस तुकडे जोडले आणि प्रत्येक सांध्यावर काही ना काही डकवलं. तेही साधंसुधं नाही, चांगलं तीन-तीन सेकंद रेंगाळणारं. मी म्हटलं, "आत्या, किती गं हे दागिने! नुसतं जोड ना, सुटसुटीत दिसतं."

"सुटसुटीत तुझ्या घरी. शिवणीच्या आत कापड राखून ठेवावं लागतं, बाबा. वरून दिसत नाही, पण असतं."

शिवणकामाचं काहीतरी बोलतेय, असं समजून मी ते सोडून दिलं.

रविवारी दुपारी तिच्याकडे सगळे जमणार होते. आत्याने लॅपटॉप, माझाच, तिला शिकायला दिलेला, आदल्या दिवशीच माझ्याकडे परत दिला होता, पक्की फिल्म करून पेनड्राइव्हवर आणायला. माझा मेहुणा जाहिरातींच्या फिल्म करतो. त्याच्यापुढे या चांदण्या सांडणार, या विचारानेच मला घाम फुटला. मी फिल्म बघायच्या भानगडीत पडलोच नाही. एकतीस करामती एकदम निवडल्या आणि उडवल्या. फिल्म तयार झाली. डिस्क काठोकाठ भरली होती, म्हणून मूळ फाइली आणि आत्याची सगळी जोडणीही पुसली, कचरापेटी रिकामी केली आणि त्या जागेवर ऑफिसचं काम उतरवून घेतलं. स्वच्छतेची मला जरा जास्तच हौस.

दुपारी पडदे ओढले, टीव्ही लागला. नात आत्याच्या मांडीवर. पहिलं दृश्य माझी आतेबहीण सायकल शिकते ते. सायकल कोपऱ्यावरून वळली, तशी आत्या नातीच्या कानाशी वाकली. "आता पान उलटेल हं. नीट बघ, त्यात आजोबा आहेत."

पान उलटलं नाही. एकदम स्वयंपाकघर आलं.

"राहिलं वाटतं. थांब, पुढे बदाम आहे. बदामात बघ."

बदाम आला नाही.

"थांबव रे," आत्या म्हणाली. "माझी पानं कुठे गेली?"

"मी काढली. बरं दिसत नव्हतं म्हणून."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "अरे, कॅमेरा बंद करायचं बटण त्यांना कधी धड सापडलं नाही. दर वेळी तो स्वतःकडे फिरवायचे नि शोधत बसायचे. दोन-तीन सेकंद. तेवढेच ते आहेत. कधी वाकडे, कधी अर्ध्या तोंडावर अंगठा. नुसते ठेवले असते तर लोकांना चूक वाटली असती. म्हणून मी तुकडे त्यांच्या आधीच कापले नि ते फक्त पान उलटताना दिसतील असे आत घातले. पान गेलं की तेही गेले."

मेहुणा हळूच म्हणाला, "मूळ फाइली असतील ना?" मी नाही म्हणून मान हलवली. आतेबहिणीने तोंडावर हात धरला. माझ्या पायाखालची जमीन सरकली, हे पुस्तकात वाचलेलं वाक्य त्या दिवशी मला खरोखर कळलं. पुढे तीन जाणकारांना लॅपटॉप दाखवला. तिघांनीही हात टेकले.

आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त रिमोट मागितला आणि फिल्म पहिल्यापासून लावली. सायकल वळली तिथे थांबवली. "इथे ते म्हणाले, अरेच्चा, चालूच आहे की! आणि हसले." स्वयंपाकघर संपलं तिथे थांबवली. "इथे चष्म्यावर वाफ आली होती त्यांच्या." एकतीस वेळा ती थांबली, एकतीसही तिला पाठ होते. नात प्रत्येक वेळी डोळे बारीक करून थबकलेल्या टीव्हीत शोधत होती.

फिल्म संपली तशी पोरगी मांडीवरून उतरली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. रागावलेली नव्हती. तिला खरंच माहिती हवी होती.

"मामा, सगळ्यांना ठेवलंस, मग आजोबांनाच का काढलंस?"