रस्त्याकडची खोली

घड्याळमामांना संख्याशास्त्र येत नव्हतं, हे कबूल. पण मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं स्टॉपवॉच धरून उभा राहिलेला हा मदतनीस सगळे प्रयोग कोळून प्यायला होता.

तिथे शिकवणाऱ्या मॅडमचा प्रयोग सरळ होता. साठ सिगारेट ओढणारे, साठ न ओढणारे. प्रत्येकाला वीस शब्द वाचून दाखवायचे आणि दहा मिनिटांनी किती आठवतात ते मोजायचं. ओढणारे सरासरी पाच शब्दांनी मागे पडले. मॅडम हरखून गेल्या. शुक्रवारी हा निकाल समितीपुढे ठेवला की त्यांची नोकरी कायम होणार होती. सहा वर्षं टांगती तलवार डोक्यावर घेऊन बाई राबली होती. मामांना तिचं लेकीसारखं कौतुक.

बुधवारी मामा खोल्या आवरत होते आणि समोरच्या गॅरेजात रोजच्यासारखी पत्रा ठोकायला सुरुवात झाली. मामांच्या काळजात धस्स झालं. ओढणाऱ्यांच्या कपड्यांना वास येतो म्हणून बाकीचे कुरकुरायचे. तेव्हा मामांनीच, कुणाला न विचारता, ओढणारे तेवढे रस्त्याकडच्या खोलीत बसवले होते, खिडक्या सताड उघड्या टाकून. न ओढणारे आतल्या शांत खोलीत. मग ओढणारे मागे पडले ते धुरामुळे, की या ठोकाठोकीमुळे?

गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण हा गृहस्थ त्यातला नव्हे. दुपारी डबा घेऊन आलेल्या बायकोलाच त्यांनी खुर्चीत बसवलं.

"अहो, या वयात मला शाळेत घालताय का?" ती म्हणाली.

उभ्या जन्मात सिगारेटला न शिवलेल्या त्या बाईला आतल्या खोलीत सोळा शब्द आठवले. रस्त्याकडच्या खोलीत, नव्या यादीतले, अकरा. मग मामांनी झाडूवाली, माळी, चार कारकून अशी न ओढणारी मंडळी धरून आणली. निम्म्यांना आधी आत बसवलं, निम्म्यांना आधी रस्त्याकडे, उगाच कुणी म्हणायला नको की दुसऱ्या खेपेला कंटाळले. सगळ्यांची तीच गत.

संध्याकाळी ते आकडे घेऊन मॅडमपुढे उभे राहिले. "चूक माझी आहे. समितीला माझं नाव सांगा."

मॅडमनी कागद शेवटपर्यंत वाचला. "खोल्या मी तपासायला हव्या होत्या, मामा," एवढंच म्हणाल्या.

शुक्रवारी त्यांनी निकाल मागे घेतला. नोकरी कायम होणं वर्षभर लांबलं. आता आपल्याला कुणी प्रयोगाला हात लावू देणार नाही, हे मामा धरूनच चालले होते.

सोमवारी मॅडम आल्या त्या थेट त्यांच्याकडे. "पुन्हा पहिल्यापासून करायचं. सगळे आतल्या खोलीत. आधी तुम्ही सगळं नीट बघून घ्या, मामा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी पहिला माणूस बोलावणार नाही."

आत जाऊन मामांनी दार लावलं आणि पाच मिनिटं नुसते कान देऊन उभे राहिले. मग बाहेर आले.

"बोलवा," ते म्हणाले.