शून्य मार्कांचं रोप

त्या दिवशी सकाळपासून गॅलरीत सात वेळा जाऊन आलो. आठव्यांदा गेलो तर आणखी एका पानानं मान टाकलेली. चैत्रातल्या उन्हात दुपारी पानं मलूल होतात, संध्याकाळी परत उभी राहतात, हे मला माहीत आहे. पण ही आदल्या संध्याकाळीही उभी राहिली नव्हती. तांब्यात पाणी होतंच, ते घातलं. आत आलो. टीव्ही लावला, बंद केला. परत उठलो.

रोप स्ट्रॉबेरीचं. पुण्याजवळ मांजरी गावात आमचं घर, दुसऱ्या मजल्यावर; तिथे रंगाच्या रिकाम्या बादलीत. बायकोनं लावलेलं. बायको संक्रांतीच्या आधी गेली. तिच्या हातचं घरात पुष्कळ आहे. डबे आहेत, गोधड्या आहेत, फडताळात घड्या घातलेल्या साड्या आहेत. त्यातलं जिवंत एवढंच होतं.

आणि झाडं मरताना बघणं मला नवीन नाही. मी पगारच त्याचा घेतला. आमच्या घरापासून पुढे, जिथे तेव्हा ऊस होता आणि आता इमारती आहेत, तिथे एक खासगी रोपवाटिका होती. स्ट्रॉबेरीचे नवे वाण तिथे तपासायचे. डोंगरावरच्या शेतकऱ्याला रोप विकण्याआधी बघायचं, की रोग आला तर कुठलं टिकतं. आता रोग येईल तेव्हा येईल, त्याची वाट कोण बघत बसणार? म्हणून आम्हीच द्यायचो. तिथल्या शास्त्रज्ञ मॅडम काचेच्या बशीत करपा रोगाची बुरशी वाढवायच्या, पाण्यात कालवून माझ्या पंपात ओतायच्या, आणि मी ओळीनं फवारत जायचो. वरून दोन दिवस प्लास्टिक. बुरशीला ओल लागते. मग पाचव्या दिवसापासून मार्क द्यायचे. एकही डाग नाही, शून्य. मेलं, पाच. मी चौथी नापास माणूस, हातात पाटी-पेन्सिल घेऊन मास्तरासारखा हिंडायचो.

बायको तिथेच खुरपणीला होती. बाकीच्या बायकांना सांगायची, "आमचं मास्तर लई कडक हाय. यांच्या शाळेत भोपळा मिळाला तर पोरगं पास, आन् मार्क वाढले की मसणात."

एका वर्षी एक अख्खी ओळ गेली. पाच, पाच, पाच, चार, पाच. मधेच एक रोप उभं. शून्य. मॅडम म्हणाल्या, तुमचा फवारा चुकला असेल. मी त्यांच्यादेखत पुन्हा फवारलं, पुन्हा झाकलं. पुन्हा शून्य. मला त्या रोपाचं फार कौतुक वाटलं. मग त्याला फळ आलं. बोराएवढं, चिंचेसारखं आंबट, आणि इतकं मऊ की खोक्यात भरून बाजारात नेईपर्यंत नुसता रस व्हावा. मॅडमनी एक तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"मामा, काढून टाका हे."

"मॅडम, रोगाला दाद देत नाही की."

"गिऱ्हाईक रोग खात नाही मामा, फळ खातं. आणि दाद देत नाही म्हणजे या एका रोगाला. एका चोरासाठी कुलूप बसवलं तर दुसरा खिडकीतून येतो."

मी हसलो आणि विसरलो. ते विसरायला नको होतं.

तपासणी संपली की सगळी रोपं उपटून जाळायची, मेलेली आणि जगलेलीही. फाटकाबाहेर एक पान जाता कामा नये. जाता-येता आम्हाला औषधाच्या पाण्यात पाय बुडवायला लागायचे. नियम बरोबर होता, मी आजही बरोबरच म्हणतो. ती ओळ जाळली त्या संध्याकाळी बायकोनं घरी येऊन ओचा सोडला, तर आत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं तेच रोप.

मी ओरडलो. "चोर आहेस का? दोघांची नोकरी घालवशील. रोग घेऊन आलीस घरात."

ती म्हणाली, "दोनदा रोग दिला तरी मेलं नाही. आता जाळून मारता? तुमचं मन भरत न्हाई का मारून?"

चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिनं तेवढ्या वेळात बादलीला तळाशी भोकं पाडली, माती भरली, रोप लावलं. माझ्या अबोल्याचा तिला काही त्रास झाला असं दिसलं नाही.

ते रोप वर्षानुवर्षं चाललं. स्ट्रॉबेरीची मदर, म्हणजे मूळ रोप, थकली की ती लांब दोरा सोडते, त्याला रनर म्हणतात. त्याच्या टोकाला पिल्लू धरतं. बायको ते पिल्लू केसातल्या आकड्यानं मातीत टोचून ठेवायची, मूळ धरलं की नाळ कापायची, म्हातारी काढून टाकायची. त्या आंबट फळाचा गूळ-मिरची घालून ठेचा करायची. मुलगा तोंड लावायचा नाही. मी म्हणायचो, यात गुळाची ढेप घातली तरी आंबटच लागेल. ती आणखी एक वाटी वाढायची. पाण्याचा तिचा नियम एकच. बोट मातीत खुपसायचं. बोटाला माती चिकटली तर पाणी नाही.

आणि ती कधी आजारी पडायची नाही. मी कामावर सांगायचो, माझी बायको शून्य मार्काची आहे. मागच्या वर्षी ती जिन्यात मधेच थांबायला लागली. मी म्हणालो, वजन कमी कर. संध्याकाळी पाय सुजायचे. मी म्हणालो, चप्पल बदल. हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. पानावरचा मोहरीएवढा डाग मला दहा फुटांवरून दिसायचा.

ती गेल्यावर मला एका जागी बसता येईना. खुर्चीत टेकलं की वाटायचं काहीतरी करायचं राहिलंय. उठायचो, गॅलरीत जायचो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तांब्या. घातलं की जरा बरं वाटायचं, दहा मिनिटं. पानं मलूल दिसली की वाटायचं, तहान लागली असेल. आणखी घालायचो. खराडीहून मुलाचा फोन आला. मी सांगितलं रोप मान टाकतंय. म्हणाला, "बाबा, टेन्शन नका घेऊ, ऑनलाइन मागवतो ना. चांगल्या व्हरायटीचं, गोड." मी फोन ठेवून दिला. पोरगं वाईट नाही. त्याला काय सांगायचं, ते मलाच जुळवता येईना.

तर त्या दिवशी, आठव्या फेरीनंतर, दार वाजलं. खालच्या मजल्यावरची शिवणवाली. त्यांचं घराणं जुन्या पुण्यातलं, तीन पिढ्या शिवणकामात. नवरा दुकानात बसतो, ही घरी ब्लाउज शिवते. हातात ओली अस्तरं.

"काका, सकाळपासून वरून पाऊस पडतोय. ही अस्तरं मी एकदा भिजवून वाळवली होती. तुम्ही दुसऱ्यांदा भिजवली. नळ फुटला काय?"

"रोपाला पाणी घालतोय."

"किती वेळा?"

"लागेल तेवढ्या वेळा."

ती सरळ गॅलरीत गेली आणि बादलीतल्या मातीत बोट खुपसलं. बोट काढलं तर भोकात पाणी भरलं.

"काका, रोप ठेवलंय का बदक पाळलंय?"

मला राग आला. मी रोप धरून जरा हलवलं, तर ते माझ्या हातात आलं. मुळं खालीच राहिली. घरातली सुरी आणून मधला गाभा उभा चिरला. आतून तपकिरी, आणि वास. मला काही विचारायची गरज नव्हती. हा करपा नव्हे. साचलेल्या पाण्यातली कुज. दुसरा चोर, आणि खिडकी मी उघडली होती, दिवसातून आठ वेळा.

"पाच," मी म्हणालो.

"काय पाच?"

मी गॅलरीतच खाली बसलो. तिनं मातीचं बोट पुसलं. मग म्हणाली, "उठा, खाली चला."

"कशाला?"

"चला म्हणते ना."

तिच्या गॅलरीत तेलाच्या कापलेल्या डब्यात तेच रोप होतं. तीच जाड, काळपट हिरवी पानं. मी दहा हजारांत ओळखीन.

"काकूंनी दिलं. दोन वर्षं झाली. म्हणाल्या, यांना सांगू नको, रोप बाहेर गेलं म्हणून चार दिवस बोलायचे नाहीत."

पुन्हा चोरी. माझ्या नाकाखालून, माझ्याच घरातून. मला हसू आलं. मी म्हणालो, "दे मला."

"नाही."

"माझ्या बायकोचं आहे ते."

"म्हणून तर नाही. तुमच्या हातात दिलं तर आठवड्यात काकूंच्या मागं जाईल." एवढं बोलून तिनं जीभ चावली. "माफ करा काका."

"माफी कशाची? खरं आहे."

"रनर निघालाय बघा. पिल्लानं मूळ धरलं की ते तुमचं. तोवर रोज बघायला या. हात मागं बांधून."

वर आलो. कुजकी माती पिशवीत बांधली, कुणाच्या कुंडीत पडू नये म्हणून गाठ दोनदा मारली. बादली चुन्यानं घासून उन्हात पालथी घातली. बायकोच्या फणीच्या डब्यातला एक आकडा घेतला. खाली जायला निघालो आणि जिन्यात थांबलो. माझ्या पायाला तीच माती होती. परत वर जाऊन पाय घोट्यापर्यंत धुतले, हात कोपरापर्यंत, चप्पल वरच सोडली.

तिनं दार उघडलं, ओले हातपाय बघितले. "काका, नमाजाला जायचंय का, वुजू करून आलात?"

"रोग नको यायला तुझ्याकडे."

तिनं माझ्या हातातला आकडा घेतला, पिल्लू छोट्या कुंडीतल्या मातीवर टेकवलं, टोचलं. नाळ तशीच ठेवली, मदर त्याला पोसते तोवर.

आता रोज सकाळी जातो. पाय धुवून. ती मशीन चालवत असते, मान वर करत नाही.

"धरलं का मूळ?"

"पंधरा दिवस लागतात. तुम्हीच सांगितलंत. बसा."

"बसवत नाही."

"मग उभे राहा. पण हात मागं."

आज मी म्हणालो, बोट तरी घालू दे. तिनं मशीन थांबवून माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मी मातीत बोट खुपसलं. माती चिकटली. पाणी घातलं नाही. वर आलो, उलटी बादली बघितली, चहा टाकला, तो अर्धा पिऊन ठेवला, आणि पाय धुवून पुन्हा खाली गेलो.

दार उघडून ती म्हणाली, "काका, माती अजून सकाळइतकीच ओली आहे."