गाल छान भरलेत हं

माझ्या फायलीवर दोन आजार लिहिलेत. एक खाण्याचा, दुसरा व्यक्तिमत्त्वाचा. पहिल्याची लोक कीव करतात. दुसऱ्याला आमच्या स्टाफरूममध्ये खडूसपणा म्हणतात, आणि अगदीच चूक म्हणत नाहीत.

सिल्वासातल्या एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही अशा दुहेरी आजाराच्या सहाजणी शनिवारी दुपारी जमायचो. गट चालवणाऱ्या ताईंनी जोडीजोडीने डबे बदलून खायची पद्धत लावली होती. स्वतःचा डबा म्हटला की आम्ही घरूनच लबाडी करून आणणार, अर्ध्या भाकरीची पाव करणार. शिवाय सक्त नियम होता: कुणाच्या अंगाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

माझ्या वाट्याला नंदुरबारकडची एक पोरगी आली. जवळच्याच गलोंडा गावात सुताच्या कारखान्यात कामाला होती. वजन आणखी उतरलं तर दाखल करावं लागेल, असं डॉक्टरांनी तिच्या आईला बजावलं होतं. पहिले दोन शनिवार तिने माझ्या घावनाचे नुसते तुकडे केले. तिसऱ्या शनिवारी एक अख्खं खाल्लं. पुढे दोन. मी मात्र तिच्या कळण्याच्या भाकरीशी तासभर झटापट करायचे.

एके दिवशी ताईंनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. तोवर ताईंची लाडकी मी होते, निदान मी तसं धरून चालले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

खाली उतरून चपला घालताना मी तिच्या गालाला हात लावला आणि म्हटलं, "गाल छान भरलेत हं. तब्येत चांगलीच सुधारली तुझी."

कुठल्याही मावशीने हे लाडाने म्हटलं असतं. तक्रारीला जागाच नव्हती. पण हे वाक्य आमच्यासारखीला काय करतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. चौदाव्या वर्षी माझ्या काकूने मला हेच म्हटलं होतं, आणि तिथूनच माझं जेवण बिघडलं. काकूला ठाऊक नव्हतं. मला होतं.

"हो का, मॅडम?" एवढंच म्हणून ती हसली. मी मजेत घरी गेले.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. महिन्याभराने तिची आई शाळेच्या फाटकाशी उभी दिसली.

"पोरीला दाखल केलंय, मॅडम. काहीच खात नाही. ती म्हणायची, मॅडमच्या डब्याचंच घशाखाली उतरतं. एकदा याल का, तुमचं घावन घेऊन?"

लाज वाटायच्या आधी मला बरं वाटलं. मीच हवी होते ना.

दुसऱ्या दिवशी मी गेले. तिचा हात चादरीवर पडला होता. ते काडीसारखं मनगट पाहून मला तिचा हेवा वाटला. हे सांगू नये, पण वाटला.

मी डबा उघडून पुढे धरला. आई म्हणाली, "बघ, कोण आलंय."

तिने मान वळवली. गालावर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, तुम्ही बोलला होता ना, गाल भरलेत म्हणून? आता गेले ना? आता ठीक आहे ना?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या हातातल्या डब्यावर झाकण दाबून बसवलं आणि म्हणाली, "तुम्ही जा."